मीटरचे सगळे काटे एकदम शून्यावर येतात आणि पुन्हा उठतात: दोष मीटरचाच धरायचा का?

आंबाघाट | २३ जून, रात्री १०.१५

नमस्कार. माझ्याकडे २०१६ सालची पेट्रोल हॅचबॅक असून तिची आजवरची धाव ७८ हजार किलोमीटर आहे. गेल्या पंधरवड्यापासून, म्हणजे रत्नागिरीत पावसाने जोर धरल्यापासून, चालत्या गाडीत मीटरचे चारही काटे एकाच क्षणी शून्यावर पडतात, मधला छोटा पडदा काळा होतो आणि सेकंदभरात सगळे पुन्हा जागेवर येते. परत येताना एबीएस, एअरबॅग आणि स्टिअरिंगचे इशारादिवे दोन-तीन सेकंद लागून विझतात. इंजिन मात्र एकदाही बंद पडलेले नाही, त्याने साधा झटकाही दिलेला नाही.

एका वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला, तेव्हा यू०१५५ हा कोड मिळाला. त्याचा अर्थ ‘मीटरशी संपर्क तुटला’ असा असल्याचे सांगून त्यांनी मीटर बदलण्याचा सल्ला दिला. नवीन मीटरचा खर्च मजुरीसह २१ हजार रुपये असून ते मागवून यायला तीन आठवडे लागणार आहेत. आगाऊ रक्कम भरली आहे, पण मन मानत नाही. मीटर खरोखरच गेले असेल, तर ते उन्हाळ्यात दोन महिने सुरळीत का चालले, या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले नाही. माझ्याकडे साधा मल्टिमीटर आहे आणि तो वापरता येतो. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

ओमचा_नियम | २३ जून, रात्री ११.०५

मी चाकणला वायरिंग हार्नेसच्या, म्हणजे गाडीतल्या तारांच्या जुडग्यांच्या कामात आहे, त्यामुळे माझे मत हार्नेसकडे झुकलेले असणार, हे आधीच सांगून टाकतो.

यू०१५५ हा कोड मीटरने दिलेला नसतो. गाडीतली इतर युनिटे, म्हणजे इंजिनाचे, एबीएसचे किंवा स्टिअरिंगचे युनिट, मीटरकडून ठरावीक वेळेत निरोप आला नाही म्हणून तो नोंदवतात. एखाद्याचा फोन लागत नाही म्हणून तो माणूस गेला असे आपण धरत नाही. त्याची बॅटरी उतरली असेल, रेंज नसेल किंवा फोन खरोखरच बिघडला असेल. कोड फक्त फोन लागत नसल्याचे सांगतो. वर्कशॉपने त्यातून थेट फोन बदलण्याचा निष्कर्ष काढला, ही उडी मला पटत नाही.

चारही काटे आणि पडदा एकदम जातात, याचा अर्थ त्या सगळ्यांना सामाईक असलेली एखादी गोष्ट जाते. सामाईक गोष्टी मोजक्याच आहेत: मीटरला येणारा बारा व्होल्टचा पुरवठा, त्याची अर्थिंग, कॅनच्या (ज्यांवरून युनिटे एकमेकांना निरोप पाठवतात त्या) दोन तारा आणि खुद्द मीटरमधला बोर्ड. यांपैकी केवळ कॅनच्या तारा तुटल्या असत्या, तर काटे पडले असते; पण पडद्याचा उजेड आणि स्वतःचे दिवे मीटरने चालू ठेवले असते. पडदा काळा होतो आणि परत येताना इशारादिवे इग्निशन नव्याने चालू केल्यासारखे लागतात, यावरून मीटर पूर्ण बंद होऊन पुन्हा सुरू होते असे दिसते. म्हणून माझा संशय आधी पुरवठ्यावर आणि अर्थिंगवर आहे.

काही गोष्टी कळल्या तर बरे होईल. मीटर पडते त्या क्षणी स्टिअरिंग जड होते का? त्या वेळी काय काय चालू असते? गाडी नेहमी कुठे उभी असते? आणि हा प्रकार खराब रस्त्यावर वाढतो का?

जुना_फिटर | २४ जून, सकाळी ७.२०

पूर्वी मीटरमध्ये संगणक नव्हता, तरी तर्क हाच होता. १९६०-७०च्या कित्येक ब्रिटिश गाड्यांत मीटरच्या पाठीमागे पेट्रोल आणि तापमान या दोन्ही काट्यांना मिळून दहा व्होल्टचा एकच स्टॅबिलायझर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग, असे. दोन्ही काटे एकदम वर चढले, की टाकी किंवा इंजिन न उघडता आम्ही आधी तो स्टॅबिलायझर आणि त्याची अर्थिंग पाहत असू. एकच काटा चुकला, तर त्या काट्याची तार आणि त्याला माप पाठवणारा सेंडर पाहावा. सगळे चुकले, तर घराचा मेन स्विच पाहावा.

दुसरे म्हणजे बॅटरीचे पोल आधी पाहा. मीटर बदलून घेतल्यावर बॅटरीचा ढिला नट सापडलेले दोन ग्राहक मी पाहिले आहेत.

आंबाघाट | २४ जून, रात्री ९.३०

दोघांचेही आभार. बॅटरीचे पोल स्वच्छ आणि घट्ट आहेत. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.५ व्होल्ट, स्टार्टर मारताना सर्वात कमी १०.४ आणि इंजिन चालू असताना १४.१ व्होल्ट दिसतात.

स्टिअरिंग जड होत नाही. गाडी घरासमोरच्या आंब्याखाली उभी असते. खराब रस्त्याचा आणि या प्रकाराचा ठाम संबंध दिसत नाही. मात्र आज मुद्दाम लक्ष ठेवले, तेव्हा दोन गोष्टी ध्यानात आल्या. पाऊस थांबलेला असताना मीटर क्वचितच जाते. आणि दुसरी गोष्ट लिहायला संकोच वाटतो, पण आई शेजारच्या सीटवर बसली की मीटर जास्त वेळा जाते. मी एकटा असताना दिवसातून एकदा जाते, तर काल तिला पालीला दर्शनाला नेले तेव्हा जाऊन-येऊन सहा वेळा गेले. घरात यावरून बरीच थट्टा झाली आहे.

इंटरनेटवर वाचून बॅटरीची तार काढली आणि स्कॅनर लावतात त्या डायग्नोस्टिक सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमधला रोध मोजला. तो ६१ ओहम आला. हे बरोबर आहे का?

सोल्डरगन | २४ जून, रात्री १०.१०

६१ ओहम ठीक आहे. कॅनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. दोन्ही समांतर असल्याने मिळून ६० दिसतात. १२० दिसले असते, तर एक टोक तुटले आहे असे म्हटले असते, आणि शून्याच्या जवळ आले असते, तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत असे. पण दोन मर्यादा लक्षात ठेवा. उभ्या गाडीत मोजलेला आकडा चालत्या गाडीतल्या क्षणिक दोषाबद्दल काहीच सांगत नाही. शिवाय काही गाड्यांत सॉकेट आणि मीटर यांच्यामध्ये गेटवे, म्हणजे निरोप पुढे पाठवणारे वेगळे युनिट, असतो. तिथे सॉकेटवर मोजलेला रोध मीटरच्या तारांचा नसतोच.

मी मीटर दुरुस्तीचेच काम करतो आणि माझा अनुभव वरच्या मंडळींपेक्षा वेगळा आहे. माझ्याकडे येणाऱ्या मीटरांपैकी पुष्कळांत कपलरच्या (तारा मीटरला जोडणाऱ्या प्लगच्या) पिनांभोवतीचे सोल्डर तडकलेले असते. शिसेविरहित सोल्डर शिशाच्या जुन्या सोल्डरइतके लवचिक नसते; डॅशबोर्ड दिवसा उन्हात तापतो, रात्री निवतो आणि पिनेभोवती केसाएवढी गोल चीर पडते. भिंगातून पाहिल्याशिवाय ती दिसत नाही. तेव्हा मीटर चालू असताना त्याच्या वरच्या कडेवर बोटाने हलकेच टिचक्या मारून पाहा. काटे थरथरले, तर बोर्ड बाहेर काढून सोल्डर करावे लागेल. त्याचा खर्च नव्या मीटरच्या मानाने किरकोळ असतो.

ओमचा_नियम | २५ जून, सकाळी ८.४५

सोल्डरगन यांचे म्हणणे अगदी शक्य कोटीतले आहे आणि टिचकीची परीक्षा फुकटची असल्याने आधी तीच करावी. पण बोर्डावरची चीर आई शेजारी बसली की वाढणार नाही. मला तर या धाग्यात आतापर्यंत सापडलेला सर्वात मोलाचा पुरावा आईच वाटतात. शेजारी बसलेल्या माणसाचा डावा पाय कुठे टेकतो? दारालगतच्या, पायाजवळच्या उभ्या प्लास्टिकला. अनेक गाड्यांत त्याच प्लास्टिकच्या मागे बॉडीला बोल्टने कसलेला अर्थिंगचा जुडगा असतो.

पावसाचाही आपण एकच अर्थ घेतो आहोत. पाऊस म्हणजे केवळ पाणी नव्हे. पावसात तुम्ही दिवे लावता, वायपर लावता आणि काचेवरची वाफ घालवायला ब्लोअर चारवर ठेवता. या सगळ्याचा प्रवाह परत बॅटरीकडे जाताना जर मीटरच्याच अर्थिंगच्या बोल्टवरून जात असेल, तर तिथला किंचितसा रोधही महागात पडतो. पूर्ण वेगातला ब्लोअर सुमारे १५ अँपिअर घेतो असे धरा. बोल्टपाशी ०.०६ ओहम रोध असेल, तर ०.०६ गुणिले १५ म्हणजे ०.९ व्होल्ट तिथेच खर्च होतात. तुमचा मल्टिमीटर हा रोध थेट दाखवू शकणार नाही, कारण त्याच्या दोन वायरी एकमेकींना टेकवल्या तरी तो ०.२-०.३ ओहम दाखवतो. म्हणून ओहम मोजून ‘अर्थिंग ठीक आहे’ असे म्हणण्याला काही अर्थ नसतो. भार चालू ठेवून व्होल्ट मोजायचे असतात.

पद्धत अशी. बॅटरीची ऋण तार काढा आणि काही मिनिटे थांबा. स्टिअरिंगच्या परिसरात एअरबॅग असल्यामुळे ही घाई करण्याची जागा नव्हे. मीटर पुढे ओढून त्याच्या मागच्या कपलरमधली अर्थिंगची तार ओळखा. ती बहुधा काळी असते, पण रंगावर विसंबू नका; वायरिंगचा नकाशा मिळाला तर उत्तम. कपलरच्या पाठीमागून, तारेच्या कडेने एक बारीक टाचणी आत सरकवा. तारेचे आवरण टोचू नका; कोकणच्या हवेत त्या भोकातून वर्षभरात हिरवा कळंक शिरतो आणि आजच्या तपासातून उद्याचा दोष निर्माण होतो. कपलर मीटरला लावलेलाच ठेवून बॅटरी पुन्हा जोडा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, लाल टोक टाचणीला लावा आणि काळे टोक लांब तारेने खिडकीतून नेऊन थेट बॅटरीच्या ऋण पोलच्या शिशावर लावा, वरच्या क्लॅम्पवर नव्हे.

आता इंजिन चालू करा. सगळे बंद असताना एक आकडा घ्या आणि मग दिवे, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर एकेक करून चालू करत प्रत्येक वेळचा आकडा लिहा. निरोगी अर्थिंगवर तो ०.१ व्होल्टच्या आत राहायला हवा. मल्टिमीटरला कमाल आकडा धरून ठेवण्याची सोय असेल, तर ती जरूर वापरा. साधा मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे क्षणिक झटका त्याच्या हातून निसटतो.

पुरवठ्याची बाजूही याच तऱ्हेने तपासता येते: एक टोक बॅटरीच्या धन पोलवर आणि दुसरे मीटरच्या पुरवठ्याच्या पिनेवर. मल्टिमीटर नसलेल्यांसाठी जुना उपाय म्हणजे कपलर काढून त्याच्या पुरवठा आणि अर्थिंगच्या पिनांमध्ये नंबरप्लेटचा ५ वॅटचा बल्ब लावणे. गंजून रोध वाढलेली तारही मल्टिमीटरला पूर्ण बारा व्होल्ट दाखवते. बल्ब मात्र मिणमिणतो. हा बल्ब कॅनच्या तारांना किंवा एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला चुकूनही लावू नये.

मुळाकाठ | २५ जून, दुपारी १.३०

विषयाला धरूनच एक प्रश्न. माझ्या २०२१च्या गाडीत फक्त वेगाचा काटा शून्यावर अडकतो, बाकी सर्व ठीक आहे. सेन्सर बदलायला सांगितले आहे. बदलू का?

सोल्डरगन | २५ जून, दुपारी २.१५

आधी पैसे न लागणारी परीक्षा करा. जुलै २०१९पासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांना ताशी ८० किलोमीटरच्या पुढे इशारा देणारी पिंपिं सक्तीची झाली. द्रुतगती मार्गावर, काटा शून्यावर असताना, ८० ओलांडल्यावर ती वाजते का? वाजत असेल, तर गाडीला स्वतःचा वेग कळतो आहे. त्याच वेळी किलोमीटरही पुढे सरकत असतील, तर वेगाची माहिती मीटरपर्यंत नक्की पोहोचते आहे. सेन्सर निर्दोष आहे आणि दोष काटा फिरवणाऱ्या छोट्या स्टेपर मोटरमध्ये किंवा तिच्या सोल्डरमध्ये आहे. ही मोटर स्वतंत्र मिळते. जनरल मोटर्सच्या २००३ ते २००६च्या पिकअप आणि एसयूव्ही गाड्या अमेरिकेत याच मोटरच्या दोषामुळे गाजल्या होत्या. काटा उपटण्यापूर्वी त्याची विश्रांतीची जागा तबकडीवर कागदी टेपने खूण करून ठेवा, नाहीतर दुरुस्तीनंतर तो दहा किलोमीटर पुढे किंवा मागे दाखवील.

पिंपिंही नाही आणि किलोमीटरही थांबलेले असतील, तर मात्र सेन्सर, एबीएसचे युनिट आणि मधल्या तारा यांच्या मागे लागा.

मुळाकाठ | २५ जून, रात्री ८.५०

वाजते! किलोमीटरही पुढे जातात. सेन्सर रद्द केला. जाता जाता एक: काटा चालू असतो तेव्हाही तो जीपीएसपेक्षा ताशी चार-पाच किलोमीटर जास्त दाखवतो, तोही दोष आहे का?

ओमचा_नियम | २५ जून, रात्री ९.०५

नाही. मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये असा नियम असल्याने कारखानेच तो थोडा जास्त ठेवतात.

आंबाघाट | २८ जून, रात्री ९.००

आज रविवार, पाऊस उघडला होता, त्यामुळे सगळे मोजमाप केले. टिचक्यांनी मीटर हलले नाही. पुरवठ्याच्या बाजूला सर्व भार चालू असतानाही ०.०८ व्होल्टच दिसले. अर्थिंगवर मात्र सर्व बंद असताना ०.०६, दिवे लावल्यावर ०.२४ आणि ब्लोअर चारवर नेताच १.१ व्होल्ट. मग मल्टिमीटरवर कमाल आकड्याचे बटण दाबले, आईला शेजारी बसवले आणि तिला नेहमीसारखे पाय ठेवायला सांगितले. तिने पाय टेकवून जरा रेटा दिला मात्र, काटे पडले आणि मल्टिमीटरवर ६.८ हा आकडा थांबला. १४.१ मधून ६.८ वजा जाता त्या क्षणी मीटरला जेमतेम ७.३ व्होल्ट मिळत होते.

प्लास्टिक काढले. मागे एकाच बोल्टवर तीन लग, म्हणजे तारांच्या टोकांची धातूची कडी, कसलेले आहेत. बोल्टच्या डोक्यावर पांढरी भुकटी, लगांवर हिरवा कळंक आणि खालचे कार्पेट पिळून पाणी काढावे इतके ओले. लग काढून पॉलिश पेपरने घासले, बॉडीवरची जागा चकचकीत धातू दिसेपर्यंत साफ केली, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. आता ब्लोअर चारवर असताना ०.१२ व्होल्ट आहेत. घरात पेढे वाटायचे तेवढे बाकी आहे.

ओमचा_नियम | २८ जून, रात्री ९.४०

पेढे जरा थांबवा. ०.१२ हा आकडा वाईट नाही, पण इतके घासल्यानंतर तो ०.०५च्या आसपास यायला हवा होता. आणि पायाच्या रेट्याने गंजलेला पण घट्ट बोल्ट हलत नाही, तार हलते. तिन्ही लग एकेक करून, त्यांच्या मानेपाशी, वाकवून पाहा.

शिवाय कार्पेट ओले का झाले, हे शोधल्याशिवाय काम संपले असे समजू नका.

आंबाघाट | १ जुलै, रात्री १०.२०

तुमचे शब्द खरे ठरले. परवा साखरप्याजवळ मीटर पुन्हा गेले. आज तिन्ही लग तपासले. मीटरकडून येणाऱ्या तारेचा लग मानेपाशी वाकवला, तेव्हा ती तार आत चुरचुरल्यासारखी, अगदी मऊ लागली. आवरण कापले, तर आत तांबे काळेहिरवे झालेले आणि तीन-चार तंतू सोडून बाकी सगळे तुटलेले. बाहेरून त्या तारेवर साधा ओरखडाही नव्हता. गंज आवरणाच्या आत सुमारे सहा सेंटीमीटर चढला होता. लालसर, स्वच्छ तांबे लागेपर्यंत मागे कापत गेलो, नवा तुकडा जोडला, नवा लग पक्कडीने दाबून बसवला आणि सांध्यावर आतून गोंद असलेली, तापवल्यावर आकसणारी नळी चढवली.

पाण्याचा मार्गही सापडला. वायपरखालच्या जाळीत आंब्याचा मोहोर, पाने आणि माती यांचा चिखल घट्ट बसला होता आणि पाणी बाहेर जाण्याचे डावीकडचे भोक पूर्ण बुजले होते. पाणी तिथे साचून हार्नेसच्या रबरी बुचातून आत येत होते आणि तारांच्या कडेने ओघळत थेट त्या बोल्टवर उतरत होते. घरी पाईपने जाळीवर पाणी सोडून हे डोळ्यांनी पाहिले.

जुना_फिटर | २ जुलै, सकाळी ७.०५

तारेला आता एक वळसा खाली सोडून मग वर बोल्टकडे न्या. पाणी पुन्हा आलेच तरी वळशाच्या तळाशी टपकेल, लगापर्यंत जाणार नाही. बुचही बदला. कार्पेट उचलून त्याखालचा स्पंज पूर्ण वाळवा, तो महिनाभर पाणी धरून ठेवतो.

सोल्डरगन | २ जुलै, सकाळी ९.३०

या वेळी माझा अंदाज चुकला, हे मान्य. एक मात्र वाचकांसाठी नोंदवतो: नवे किंवा जुन्या बाजारातले मीटर बसवणे हे बल्ब बदलण्याइतके सरळ नाही. एकूण धाव मीटरमधल्या स्मृतीत असते आणि काही गाड्यांत, उदाहरणार्थ फोक्सवॅगन गटाच्या अनेक गाड्यांत, चोरीरोधक यंत्रणाही मीटरमध्येच असते. अशा गाड्यांत कोडिंग केल्याशिवाय, म्हणजे नव्या मीटरची ओळख गाडीला करून दिल्याशिवाय, गाडी चालू राहत नाही. आंबाघाट यांनी नवे मीटर बसवले असते, तरी पहिल्या पावसात तेही असेच पडले असते.

आंबाघाट | १९ जुलै, रात्री ९.१५

सतरा दिवस झाले. या काळात कोल्हापूरला दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा मुसळधार पाऊस होता, ब्लोअर चारवर होता आणि आई शेजारी होती. मीटर एकदाही गेले नाही. अर्थिंगवर सर्व भार चालू असताना ०.०४ व्होल्ट दिसतात. जुने कोड पुसून पुन्हा स्कॅन केले, यू०१५५ परत आलेला नाही. वर्कशॉपने मागणी रद्द करून दीड हजार रुपये कापले आणि उरलेली रक्कम परत दिली. माझा एकूण खर्च लग, नळी, वॉशर आणि नवे रबरी बुच मिळून ३४० रुपये झाला. गाडी आता आंब्याखाली लावत नाही.